समाजही सोडायचा नाही आणि दंडही भरायचा नाही: हे दोन्ही जमतं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. विचारणारा तरुण भटक्या-विमुक्तांपैकी एका समाजातला आहे. त्याच्या बहिणीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. पंचांनी बैठक बसवून सगळ्या घराला जातीबाहेर काढलं आणि परत घ्यायचं तर दंड सांगितला. हा पोलिसांत निघाला, तेव्हा समाजातल्याच एका शिकलेल्या कार्यकर्त्याने अडवलं: “कलम २९ वाच. संस्कृती जपायचा हक्क आपल्याला घटनेनेच दिलाय. तू बाहेरचा कायदा आत आणलास तर उद्या मोठा समाज आपल्याला गिळून टाकेल.” ऑफिसातला मित्र याच्या बरोबर उलट सांगतो: “जाती-पंथ सोडा, सगळ्यांनी फक्त भारतीय व्हा, सगळ्यांना एकच कायदा लावा, वाद मिटला.” त्याला दोघांचंही पूर्ण पटत नाही. वडील समाज सोडायला तयार नाहीत. मग आपण नेमकं कोणाच्या बाजूने उभं राहायचं, असं तो विचारतो.

मी वकील आहे. वाळीत टाकल्याच्या तक्रारी बरीच वर्षं हाताळते आहे. त्यातल्या काही जात पंचायतींच्या, आणि बऱ्याचशा कोकणातल्या गावकीच्या, म्हणजे गावाचे निर्णय घेणाऱ्या गावमंडळींच्या. उत्तर लांबणार आहे, कारण तुम्ही फक्त तक्रार कुठे करायची एवढं विचारलेलं नाही. तक्रार करणं योग्य आहे का, हे विचारलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो. त्याचा निकाल मनात लागलेला नसला, तर तक्रार पुढे कुठेतरी मागे घेतली जाते आणि पंचांचा जोर दुप्पट होतो.

तुमचा कार्यकर्ता आणि तुमचा मित्र भांडतायत असं वाटतं, पण दोघांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली आहे: माणसाला एकाच ठिकाणचं होता येतं. समाजाचा हो, नाही तर देशाचा हो. तुमच्या वडिलांना मात्र समाजात राहायचं आहे, मुलीला तोडायचं नाही आणि पंचांपुढे मान तुकवायची नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र मागायचा त्यांना हक्क आहे का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘हो’ आहे. समाज सोडून जायचा हक्क तर आहेच. पण समाजात राहून पंचांना ‘नाही’ म्हणायचाही हक्क आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या लोकांना गरज असते ती या दुसऱ्या हक्काची. समाज सोडायला फार थोडे तयार असतात.

कार्यकर्त्याचं म्हणणं आधी घेते, कारण त्याची भीती खोटी नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्यात कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही, तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापुरात त्या वस्तीला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. तो कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं टिकला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, पोलिसांची नजर तीच राहिली. ज्या माणसाला चौकीत शिरल्यावर फिर्यादीऐवजी संशयित समजलं जातं, तो आपलं भांडण कुठे नेणार? पंचांकडेच. तिथे आपली भाषा चालत होती, वकिलाची फी नव्हती, तारखा नव्हत्या, निकाल त्याच बैठकीत लागत होता. पंचायत एवढी वर्षं टिकली त्याचं कारण फक्त धाक नाही, हे भाषण करणाऱ्या पुष्कळ सुधारकांच्या बोलण्यातून सुटून जातं. मला ते सुटू द्यायचं नाही. ज्यांच्याकडे दुसरा दरवाजाच नव्हता त्यांना ‘मागासलेले’ म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे.

तरीही कार्यकर्त्याने कलम २९ चुकीच्या दिशेला फिरवलं आहे. ते कलम सांगतं की ज्या नागरिकांच्या गटाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्याला ती जतन करायचा हक्क आहे. हा हक्क सरकारच्या आणि बहुसंख्याकांच्या दडपणाविरुद्ध आहे. उद्या शासनाने तुमची बोली बोलायला बंदी केली, तर हे कलम घेऊन मी तुमच्या वतीने उभी राहीन. पण समाजातल्याच एका बाईला शिक्षा करायचा अधिकार त्यात कुठेही लिहिलेला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर म्हणाले होते की या मसुद्याने खेड्याला बाजूला सारून व्यक्तीला घटक मानलं, याचा मला आनंद आहे. घटनेची सगळी मांडणी त्या भूमिकेवर उभी आहे. समाजाचे हक्क घटना मानते, पण ते त्या समाजातल्या माणसांसाठी मानते. म्हणून ते हक्क त्याच माणसांच्या विरोधात वापरता येत नाहीत.

मी पक्षकारांना एक साधी गोष्ट विचारते. तुमच्या बहिणीने लग्न केल्यावर समाजाच्या संस्कृतीतलं नेमकं काय गेलं? तुमची बोली तिला येते. देवीची गाणी तिला पाठ आहेत. मुलाबाळांना ती ती शिकवेल, शिकवू दिली तर. गेला असेल तर लग्न कोणी कोणाशी करायचं हे ठरवायचा पंचांचा अधिकार गेला, आणि त्या अधिकारातून येणारा दंड गेला. हा अधिकार म्हणजेच संस्कृती, असं पंच सांगतील. पण संस्कृती जपायला मुलीची आणि आईची भेट बंद करावी लागते, असं मला तरी एकाही प्रकरणात पटलेलं नाही.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात तोबिक नावाची आदिवासींची राखीव वसाहत आहे. तिथल्या सँड्रा लव्हलेस या बाईने जमातीबाहेरच्या माणसाशी लग्न केलं. तिथल्या कायद्याप्रमाणे जमातीच्या पुरुषाने बाहेर लग्न केलं तर त्याचा दर्जा कायम राही, बाईने केलं तर तिचा जाई. लग्न मोडल्यावर ती वसाहतीत परत आली, तर राहायचा हक्कच उरलेला नव्हता. ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेली. १९८१ मध्ये समितीने सांगितलं की स्वतःच्या लोकांबरोबर आपली संस्कृती आणि भाषा जगायचा तिचा हक्क कॅनडाने डावलला आहे. तोबिकच्या बायकांनी १९७९ मध्ये राजधानी ओटावापर्यंत पायी मोर्चाही नेला होता. शेवटी १९८५ मध्ये कायदा बदलला. पुढे लव्हलेस कॅनडाच्या सिनेटच्या सदस्य झाल्या.

हे प्रकरण मी कार्यकर्त्यांना नेहमी सांगते, कारण त्या बाईने ‘मला जमातीतून सोडवा’ अशी मागणी केली नव्हती. तिची मागणी ‘मला माझ्या जमातीत राहू द्या’ अशी होती. संस्कृतीचा हक्क तिने स्वतःचा म्हणून मागितला आणि तो तिला मिळाला. तिच्या विरोधात गेलेल्यांत काही आदिवासी संघटनाही होत्या. सरकारला आमच्या कारभारात हात घालायला निमित्त मिळेल, ही त्यांची भीती होती. तुमचा कार्यकर्ता नेमकं तेच बोलतोय. त्या भीतीवर उपाय करायचा तर शासनाला बांधून ठेवायला हवं. त्याऐवजी घरातल्या बाईला बांधून ठेवलं, तर शासन आहे तिथेच राहतं आणि किंमत फक्त ती मोजते.

आता तुमच्या मित्राकडे येते. त्याचं म्हणणं ऐकायला सरळ आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. सगळ्यांनी फक्त भारतीय व्हायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? १९८५ च्या जुलैत केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण त्यांची श्रद्धा आड येत असल्यामुळे गात नसत. आमदाराने विधानसभेत प्रश्न केला, चौकशी झाली, मुलांनी कसलाही अनादर केलेला नाही असं चौकशीत निघालं, तरी वरून आलेल्या सूचनेनुसार मुलांना काढून टाकण्यात आलं. उच्च न्यायालयातही ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी लिहिलं की राष्ट्रगीत गायलाच हवं असा कोणताही कायदा नाही. आदराने उभं राहणं पुरेसं आहे. मुलांना काढणं हा त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कावर घाला आहे. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते आणि आपली घटना सहिष्णुता आचरते, ती पातळ करू नका, असं त्या निकालाच्या शेवटी म्हटलं आहे.

मला त्या शाळेत आणि तुमच्या पंचांच्या बैठकीत एक साम्य दिसतं. दोन्हीकडे एका माणसाला सांगितलं जातंय की तू आमचा आहेस हे आम्ही सांगू त्या पद्धतीने सिद्ध कर, नाही तर बाहेर हो. एकीकडे गाणं मागितलं, दुसरीकडे दंड मागितला. उदारमतवादी लोकशाहीचा माझ्या लेखी अर्थ हाच की असा दाखला मागायचा अधिकार राष्ट्रालाही नाही आणि जातीलाही नाही.

‘एकच कायदा’ याबद्दलही एक गोष्ट मित्राला सांगा. कायदा सगळ्यांना सारखा असला म्हणजे तो माणसाला मोकळं करतो असं नाही. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला. त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या दोघांनी नोंदणी करणं सक्तीचं आहे, न केल्यास कैदेची तरतूद आहे. दोन सज्ञान माणसांच्या घरात पूर्वी पंच डोकावत, आता शासन डोकावेल. आणि याच कायद्यातून अनुसूचित जमातींना वगळलं आहे, म्हणजे ‘सगळ्यांना एकच’ हेही पूर्ण खरं नाही. बायकांना वारसा आणि घटस्फोटात समान हक्क मिळावेत याच्या मी पूर्ण बाजूची आहे. पण कोणताही कायदा मी एकाच कसोटीवर तपासते: तुमच्या बहिणीच्या हातात त्यामुळे जास्त निर्णय आले की कमी?

मग देशाने किंवा राज्याने काहीच मागायचं नाही का? मागायचं. सगळ्यांना एकत्र राहण्यासाठी जे लागतं ते मागता येतं. भाषेचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. महाराष्ट्राने शाळांत मराठी विषय सक्तीचा केला तेव्हा मुंबईतल्या गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या शाळांच्या बाजूने त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा निर्णय उचलून धरला. ज्या राज्यात राहायचं तिथली भाषा मुलाने शिकावी, यात त्याच्या संस्कृतीवर आक्रमण नाही, असं न्यायालयाने मानलं. पण २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की प्राथमिक शाळेचं माध्यम कोणतं असावं हे राज्य लादू शकत नाही; ती निवड पालकांची आहे. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की रेषा दिसते. सामाईक भाषा शीक, हे सांगता येतं. तुझी भाषा सोड, हे सांगता येत नाही.

मराठी वाचकांनी हे बेळगाव डोळ्यांपुढे ठेवून तपासून पाहावं. तिथे मराठी कागदपत्रं आणि मराठी शाळा मागताना आपण भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क सांगतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारं कलम ३५०अ सांगतो, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं पद सांगतो, आणि ते अगदी बरोबर आहे. तेच हक्क मुंबईत दुसऱ्या कोणी सांगितले तर ते ऐकून घेण्याची तयारी आपल्यात हवी. आपण बहुसंख्य असतो तिथे आपण कसे वागतो, यावरूनच आपल्या तत्त्वाचा खरेपणा कळतो.

इथवरचं दोन ओळींत सांगायचं तर असं: समाज हा तुमच्या वडिलांचा हक्क आहे, पंचांची मालमत्ता नाही. देशही तुमच्या वडिलांचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्यांना समाज टाकून यावं लागत नाही.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगते. पहिली, तुम्हाला बाहेर काढणारी संस्था जातीची आहे की धर्मपंथाची? हा फरक कायद्यात मोठा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा पंथाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्या पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द केला. धार्मिक कारणावरून पंथाबाहेर काढणं हा कलम २६ खाली पंथाचा अंतर्गत कारभार आहे, असं बहुमत होतं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. बहिष्कृत माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते आणि त्याचे नागरी हक्क वाचवायला हा कायदा आहे, असं त्यांनी लिहिलं. मला त्यांचं मत बरोबर वाटतं. बहुमताच्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये अर्ज झाला आणि २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला. तुमच्या घराला त्याची वाट पाहायची गरज नाही. जात पंचायत हा धर्मपंथ नाही, तिला कलम २६ चा आधार मिळत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे आणि तिच्यावर पुष्कळ तक्रारी अडतात. कोणालाही तुम्हाला जेवायला बोलवायची सक्ती करता येत नाही. तुमच्या चुलत्याने मनातून रागावून तुम्हाला लग्नपत्रिका दिली नाही, तर ते त्याचं स्वातंत्र्य आहे, आणि ते असायलाच हवं. गुन्हा तेव्हा होतो जेव्हा कोणीतरी ठरवून बाकीच्यांना सांगतं की यांच्याशी बोलायचं नाही, जो बोलेल त्यालाही दंड. त्या हुकुमामुळे तुमचंच स्वातंत्र्य जातं असं नाही. तुमच्याशी बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याचं जातं. माझ्याकडे आलेल्या गावकीच्या एका प्रकरणात गिरणीवाला रात्री मागच्या दाराने दळण देत होता, कारण दिवसा दिलं तर त्याला दंड बसला असता. साक्षीदार म्हणून तोच आम्हाला सर्वांत उपयोगी पडला असता, आणि तोच सर्वांत जास्त घाबरलेला होता. म्हणून तक्रार लिहिताना ‘आमच्याशी कोणी बोलत नाही’ एवढ्यावर थांबू नका. बैठक कधी झाली, कुठे झाली, कोण हजर होतं, हुकूम कोणी सुनावला, दंड किती सांगितला, नंतर कोणी कोणती गोष्ट नाकारली, हे तारीखवार लिहा.

मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध असतात. पंच म्हणजे सरकार नव्हे. अस्पृश्यताबंदीसारखी मोजकीच कलमं माणसांना माणसांविरुद्ध थेट बांधतात. म्हणून इथे वेगळा कायदा लागतो आणि महाराष्ट्रात तो आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा हा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा. जामीन मात्र मिळतो, तेव्हा पंच दुसऱ्या दिवशी गावात दिसले तर धीर सोडू नका. पीडित माणूस किंवा त्याच्या घरातला कोणीही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

‘बाहेरचा कायदा’ या शब्दांना मी इथे उत्तर देते. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी साहेबाची किंवा शहरी पांढरपेशांची नाही. १९३० च्या सुमारास गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांसाठी जी संरक्षणं मागितली, त्यांत सामाजिक बहिष्काराची व्याख्या करून त्याला शिक्षा ठेवा, ही मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याची कलमं आधाराला घेतली होती. गावाने दळण, पाणी, मजुरी तोडली की माणूस कसा मोडतो, हे ज्यांनी भोगलं त्यांनीच हा कायदा मागितला. तुमच्या कार्यकर्त्याला हे जरूर सांगा. तो कायदा आपल्यासारख्यांच्याच अनुभवातून आलेला आहे.

पोलिसांबद्दल तुमची भीती मी वर मान्य केली आहेच. म्हणून पहिल्या दिवशी एकटे जाऊ नका. लेखी तक्रार घेऊन जा आणि पोच घ्या. पोच मिळाली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पावती जपून ठेवा. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेले संदेश पुसले जायच्या आत त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, मूळ फोनही बदलू नका. दंडाची रक्कम कोणी घेतली असेल तर पैसे कसे दिले याचा पुरावा शोधा. तिथे खंडणीचं कलमही लागू शकतं. बहीण आणि तिच्या नवऱ्याला धमक्या येत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे आणि ते आधी हाताळायला हवं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की सज्ञान स्त्री-पुरुषांच्या लग्नात खाप किंवा तत्सम पंचायतीने आडवं येणं बेकायदा आहे, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा.

तडजोडीबद्दल माझं मत ठाम आहे. या कायद्यात पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं, आणि पुष्कळदा मी स्वतःच मिटवायचा सल्ला देते, कारण तुमच्या वडिलांना शेवटी त्याच वस्तीत राहायचं आहे. पण तडजोड कोणत्या अटींवर, हे महत्त्वाचं. ‘थोडा दंड भरा, समाजाला जेवण द्या, आम्ही आत घेतो’ ही तडजोड नाही. दंड ठोठावण्याचा अधिकार पंचांना आहे, हे त्यात तुम्ही कबूल करता. माझ्या अटी साध्या असतात: बहिष्काराचा हुकूम ज्या बैठकीत सुनावला तशाच बैठकीत तो मागे घेतल्याचं जाहीर करायचं, घेतलेले पैसे परत करायचे, आणि बहिणीने घरी येण्याजाण्यावर कोणतीही अट नाही, हे लेखी द्यायचं. पंच लेखी द्यायला फार कुरकुर करतात. तिथे मी मागे हटत नाही.

तक्रारीने समाजाची बदनामी होते, हा शेवटचा आक्षेप. २०१३ मध्ये नाशिकला एका गरोदर मुलीला जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनीच मारलं. त्या बापावर जात पंचायतीचा दबाव होता. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अखेरच्या कामांपैकी ते एक. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, तरी अभियान चालू राहिलं. त्यात काही समाजांच्या पंचायती संवादातून स्वतःहून बरखास्त झाल्या. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री होणाऱ्या कौमार्य चाचणीविरुद्ध उभी राहिली ती त्याच समाजातली शिकलेली मुलं-मुली. त्यांनी समाज सोडला नाही. त्यांच्यामुळे त्या समाजाची बदनामी झाली असं मला वाटत नाही. त्या समाजात अशीही माणसं आहेत, हे बाहेरच्यांना त्यांच्यामुळेच कळलं.

तुम्ही विचारता कोणाच्या बाजूने उभं राहू. आधी बहिणीला विचारा. तुमच्या सबंध प्रश्नात कार्यकर्ता, मित्र, पंच आणि वडील यांचं म्हणणं आहे, तिचं काय म्हणणं आहे ते नाही. तिला तक्रारीत स्वतःचं नाव हवं आहे का, माहेरी यायचं आहे का, नवऱ्याच्या घरी या सगळ्याचा काय परिणाम होतोय, हे कळल्याशिवाय कागदावर काही लिहू नका. माझ्या अनुभवात घरातल्या पुरुषांनी बाईच्या नावाने लढलेली प्रकरणं अर्ध्यात मोडतात. ती स्वतः उभी राहिली तर टिकतात. तिने ठरवलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जासोबत तिचं आधार कार्ड, लग्नाचा दाखला आणि वर सांगितलेली तारखांची यादी न्या.